झाडू, आवृत्ती पहिली

शॉर्टकट हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण आता बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची. दर शनिवारी सकाळी तो संगणकवेड्यांसाठी ईमेलने एक पत्रक धाडायचा. कुठल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, कुठल्या आवृत्तीने लोकांच्या नाकी नऊ आणले, कुठली दोन बटणं एकत्र दाबली की काय होतं, असं सगळं त्यात असे. कीबोर्डवर होणाऱ्या कामासाठी माउसला हात लावणाऱ्या माणसाची त्याला मनापासून कीव यायची.

या शनिवारी पत्रकासोबत त्याने स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम पाठवला होता. नाव झाडू. संगणक बंद करताना हा झाडू डाउनलोडचा फोल्डर साफ करायचा, आणि तोही असा की रिसायकल बिनमध्येसुद्धा काही उरू नये. या शेवटच्या करामतीचं त्याला भारी कौतुक. स्वतःच्या मशीनवर त्याने तो पुन्हा पुन्हा चालवून पाहिला होता. पण त्याच्या मशीनवर डाउनलोडमध्ये मुळात कधी काही नसायचंच.

दुपारी जेवून खुर्चीत टेकतो न टेकतो तोच एका वाचकाचं उत्तर आलं. "साहेब, झाडू बसवला. मशीन बंद करून परत चालू केलं, तर लेकीचे लहानपणापासूनचे फोटो गायब. कुठे शोधू?"

शॉर्टकट चक्क हसला. डाउनलोडमध्ये फोटो कोण ठेवतं? डाउनलोड म्हणजे घराचा उंबरा. तिथे सामान उतरवायचं आणि लगेच आत न्यायचं. उंबऱ्यातच कपाट मांडणाऱ्याला काय म्हणावं? त्याने हेच उत्तर खाडखाड टाइप करायला घेतलं, आणि बोटं मध्येच थांबली. उंबऱ्यात कपाट मांडणारी एक बाई त्याच्या चांगल्या ओळखीची होती. त्याची थोरली बहीण.

"जिथे येऊन पडतं तिथे सापडतं, उगाच हलवायचं कशाला?" असा ताईचा खाक्या. आणि त्याच डाउनलोडमध्ये भाऊजींचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलच्या खाटेवरून ते तिला फोनवर बोलून पाठवायचे. "इथला चहा प्यालो. आता बाकी दुखणं काहीच वाटत नाही." असे कितीतरी निरोप. ताईने फोन बदलला तेव्हा ते सगळे संगणकावर उतरवायला शॉर्टकटनेच तिला शिकवलं होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती करून द्यायची म्हणून तो भाऊजी गेल्यापासून नुसता "येतो गं" म्हणत होता.

सकाळीच तिचा निरोप आला होता. "झाडू बसवला. रोजच्यासारखं संध्याकाळी मशीन बंद करीन, तेव्हा आपोआप चालेल ना?" त्यावर या शहाण्याने अंगठा पाठवला होता.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला, तेच. आणि मग त्याला आठवलं, दुपारच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, डोकं शांत राहतं, ही त्याचीच टिप. ताई त्याच्या टिपा देवाची आज्ञा असल्यासारख्या पाळायची.

पत्रकातली झाडूची लिंक त्याने आधी बंद केली. 'काही विशिष्ट परिस्थितीत झाडूमुळे अडचण येऊ शकते, तूर्त वापरू नये' असं गुळमुळीत काहीतरी सगळ्यांना पाठवलं आणि पायात चपला सरकवून तो पळत सुटला.

बस मिळाली, पण ती चौकाचौकात थबकत होती. याचा पाय उगाच समोरच्या सीटवर आपटत होता. शेजारच्या बाईंनी दोनदा डोळे वटारले. त्याने पुन्हा फोन लावला, पुन्हा नुसतीच रिंग. बाहेर ऊन कलायला लागलं तसा त्याचा जीव टांगणीला लागला. पुलाजवळ बस अडकली तेव्हा तो सरळ खाली उतरला आणि उरलेला रस्ता चालत, धावत, धापा टाकत कापला.

दार ताईने उघडलं. हात ओले होते. "अगंबाई, तू? न सांगतासवरता?"

"मशीन कुठंय?"

"कुठे असणार? आतल्या खोलीत."

आत पडदा काळाकुट्ट होता. शॉर्टकट खुर्चीत बसला. "बंद केलंस?"

"केलं की." ताईने पदराला हात पुसले. "तूच सांगतोस ना, रोज बंद करावं म्हणून."

मग त्याने सांगून टाकलं. झाडू काय करतो, डाउनलोडमध्ये काय होतं, आता काय झालं असणार. सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना. आपण उभ्या जगाला अक्कल शिकवतो आणि आपल्याच बहिणीचं उरलंसुरलं झाडून काढलं, या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने लपवलंही नाही.

ताईचा चेहरा आधी पांढरा पडला. मग ती हलकेच म्हणाली, "अरे, रडू नकोस. मी बंद केलेलं नाही."

"आत्ता तर म्हणालीस!"

"खोटं बोलले. नेहमीच खोटं बोलते. मी ते कधी बंदच करत नाही."

तिने मॉनिटरचं बटण दाबलं. पडद्यावर पत्त्यांचा डाव होता. एकट्याने खेळायचा, अर्धा मांडलेला.

"यांचा आहे," ताई म्हणाली. "ॲडमिट व्हायच्या सकाळी खेळत होते. म्हणाले, आल्यावर पुरा करतो. बंद केलं तर जाईल ना रे?"

शॉर्टकटने टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्यावर हात ठेवला. डबा चांगलाच तापला होता, पंखा घरघरत होता. याच पंख्याची तिने तक्रार केली तेव्हा त्याने 'मशीनला रात्री विश्रांती द्या' असा लेख लिहिला होता. वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारा भलामोठा यूपीएस कोपऱ्यात होता, एकटीच्या घराला हवाय कशाला म्हणून तो त्याला हसला होता. आणि मशीन आपोआप बंद-चालू करणारं अपडेट पुढे ढकलायचं कसं, हे ती सारखं विचारायची म्हणून लिहिलेली टिप त्याची सगळ्यांत गाजलेली टिप ठरली होती.

"इस्पिकची राणी बदामच्या राजावर जाते, मला दिसतं," ताई म्हणाली. "पण मी हात लावत नाही. डाव त्यांचा आहे."

त्याने डाउनलोड उघडलं. सगळे निरोप जागच्या जागी होते. खिशातल्या पेन ड्राइव्हवर त्याने त्यांची प्रत काढली, मग आणखी एक प्रत ताईच्या फोनवर. मग तिथेच बसून त्याने फोटो गेलेल्या वाचकाला लिहिलं, "चूक तुमची नाही, माझी आहे. मशीन चालू असेल तर सरळ प्लग काढा आणि बंदच राहू द्या. मी स्वतः येऊन फोटो परत मिळतात का ते पाहतो. मिळतीलच असं मात्र सांगू शकत नाही." झाडूत काय चूक आहे आणि ती आपलीच आहे, हे तितक्याच साध्या शब्दांत त्याने सगळ्या वाचकांनाही कळवलं.

शेवटी झाडू काढायला घेतला. तो मशीनवरून निघाला, आणि शॉर्टकटनेच कधीतरी मोठ्या ऐटीत लिहिलेली चौकट पडद्यावर आली. काम पूर्ण करण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करा. खाली दोन बटणं होती, 'आत्ता' आणि 'नंतर'.

ताईने त्याचा दंड धरला. त्याने जपून माउस हातात घेतला आणि 'नंतर'वर नेऊन दाबला. चौकट गेली, मागे पत्ते तसेच होते.

"नंतर म्हणजे कधीपर्यंत चालतं रे?" ताईने विचारलं.

"तू म्हणशील तोवर," तो म्हणाला.