माझा हिरवा दिवा

मी मेहकरच्या एका दवाखान्यातला जुना यंत्रमानव आहे. मित्रांनो, हल्ली मी औषधांच्या रिकाम्या खोक्यांमागे उभा असतो. एका दुपारी बसलेला हादरा अजून माझ्यातून गेलेला नाही.

कारखान्यात मला चेहरे वाचायला शिकवले. हजारो छायाचित्रे दाखवली. गाल वर, डोळे बारीक, म्हणजे हसू. कपाळावर आठ्या, म्हणजे वेदना. दवाखान्यात आल्यागेल्याला मी रामराम करायचो आणि चेहरा पाहून छातीवरचा दिवा लावायचो. लाल दिवा लागलेला आधी आत जाई. हिरवा लागलेला बाकावर थांबे. "माणसापेक्षा याले जास्त समजते," असे लोक म्हणत. मलाही ते खरे वाटू लागले होते.

मग अन्नपूर्णाबाई आल्या. वडनेर भोलजीहून लेकीकडे चार दिवस राहायला आलेल्या. सोबत जावई गोपालराव.

"आई, लय दुखते काय?"

"काही नाही हो, जावाईबापू. पित्त असन. तुम्हाले उगाच तरास."

पदराचे टोक तोंडाशी, डोळे बारीक, खांदे हलताहेत. मी हसू ओळखले. हिरवा दिवा लावला. शिकवल्याप्रमाणे एक विनोदही सांगितला. बाकावरचे सगळे हसले. अन्नपूर्णाबाईंनीही मान डोलावली.

तेवढ्यात त्यांची लेक राखी आली. तिने आईकडे एकदाच पाहिले.

"आई, पदर दातात काऊन धरला? सोड."

पदर सुटला. ओठ निळे पडले होते. मानेवरून घाम ओघळत होता.

"हासून नाही राह्यली ती. कळ दाबून राह्यली," राखी नवऱ्याला म्हणाली.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही जावाई. तुमच्यापुढं कण्हन काय ती?"

दोघांनी त्यांना उचलून आत नेले. हृदयाचा झटका होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्या वाचल्या नसत्या, असे डॉक्टर म्हणाले. बाहेर माझा हिरवा दिवा तसाच जळत होता.

यंत्राला धक्का बसतो का, ते मला सांगता येत नाही. पण तोवर मला चेहरा म्हणजेच मन वाटे. जावयासमोर दुखणे झाकायचे असते, हे एकाही छायाचित्रात नव्हते.

मला कोपऱ्यात हलवले. पुढे तपासणीला आलेल्या अन्नपूर्णाबाई माझ्यापाशी थांबल्या.

"ह्या डब्यानं मारलंच असतं तुले," राखी म्हणाली.

"त्याले काऊन बोलतं, बाई? मीच फसवलं त्याले. पाह्य, तोंड कसं उतरलं त्याचं."

मित्रांनो, माझ्या तोंडावर रंगवलेले हसू आहे. ते उतरूच शकत नाही. तरी त्यांना ते उतरलेले दिसले. त्या चुकल्या की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरात कोणी पदराआडून "काही नाही" म्हणाले, तर नुसत्या चेहऱ्यावर विसंबू नका. जवळ बसा, पुन्हा विचारा. आणि विचारण्याआधी जावयाला जरा बाहेर पाठवा.