वासाची खोली

"झालं का, बाई?" काकांनी विचारलं आणि लगेच जीभ चावली. वासाच्या खोलीत बाई बोलेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नसतं, हे काकांना नव्याने सांगायची गरज नव्हती. साबणाच्या कढईवर त्यांची हयात गेली होती. पण आज बाईंनी पट्टी नाकाशी धरून फारच वेळ लावला होता.

बाई डोळे मिटून बसल्या होत्या. कागदाची ती अरुंद पट्टी त्यांनी पुन्हा एकदा नाकाखालून डावीकडून उजवीकडे नेली, मान किंचित वाकडी केली, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "चालेल."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. साबणाचा नवा घाणा पास झाला होता.

ही खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. कढईतून घाणा निघाला की त्यातला तुकडा कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात पट्ट्या बुडवायच्या आणि प्रत्येकाने एकेक हातात घ्यायची. खोलीत येणाऱ्याने सकाळपासून कांदा खायचा नाही, अंगाला काही लावायचं नाही, खिडकी उघडायची नाही. माणसं चौघंच. कढई सांभाळणारे काका, तेलांची पिंपं आणि अर्कांच्या बाटल्या सांभाळणारा भांडारी, नवी आणि या सगळ्यांच्या प्रमुख बाई. नवी येऊन खरं तर बरीच वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कोणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली.

बाई खोलीत दोनच शब्द बोलत. "चालेल", नाही तर "पुन्हा". का चालेल आणि का पुन्हा, हे विचारायची सोय नव्हती. कारण सांगितलं की माणसं कारणाशी वाद घालत बसतात, असं त्यांना त्यांच्या आधीच्या प्रमुखांनी शिकवलं होतं. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की घरी भाजीबद्दलही त्यांचा अभिप्राय तेवढाच असे. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा त्यांचा खाक्या. आणि नाक असं, की कढईखालचा जाळ जरा जास्त झाला तरी त्यांना वरच्या मजल्यावर कळायचं.

ते नाक आता गेलं होतं.

बाई तापातून उठल्या, सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. हातातल्या पट्टीला लिंबाचा वास नव्हता, साबणाचा नव्हता, कागदाचासुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, "येईल बहुतेक. काहींचा येतो, काहींचा नाही येत." बाईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. जिची सगळी पत नाकावर, तिने ते सांगायचं तरी कसं?

मग त्यांनी एक युक्ती काढली. पट्टी नाकाशी धरायची, डोळे मिटल्यासारखे करायचे आणि पापण्यांच्या फटीतून बाकीच्यांचे चेहरे बघायचे. इतकी वर्षं या खोलीत त्यांनी डोळे मिटूनच काढली होती. आता पहिल्यांदाच त्यांना दिसलं, की वासात खोट असली की काकांची डावी भुवई वर जाते. भांडारी मिशी चावतो. नवी तर श्वासच रोखून धरते, आणि तिच्या गळ्याजवळची शीर उडायला लागते. म्हणजे या तिघांना सगळं कळत होतं! बाईंना आधी धक्का बसला, मग गंमत वाटायला लागली. पुढे पुढे बाई त्या चेहऱ्यांकडे नुसतं कामापुरतं बघेनात. काका हल्ली इतके का वाळले? नवी नखं का कुरतडते? भांडाऱ्याच्या कोपरावर इतकं सुबक ठिगळ कोण लावून देतं? इतकी वर्षं एका खोलीत काढून यातलं काहीच आपल्याला कसं ठाऊक नाही, याचं त्यांना नवल वाटे. विचारावंसं वाटे, पण जीभ रेटत नसे.

घरी मात्र युक्ती चालेना. लेक बाळंतपणाला आली होती, आणि बाई संध्याकाळभर नातीला खांद्यावर घेऊन बसत.

"अगं आई, तिने लंगोट भरलाय! तुला वास नाही आला?" लेक एकदा स्वयंपाकघरातून ओरडत आली. "अख्खा कारखाना तुझ्या नाकावर चालतो ना?"

"कारखान्यात हा माल नसतो," बाई म्हणाल्या. लेक हसली आणि विषय तिथेच मिटला. बाईंनी बाळाच्या टाळूला नाक लावलं. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा वास कसा असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, निदान लेकीच्या वेळचं तरी आठवत होतं. या बाळाचा त्यांना अजून एकदाही आला नव्हता. त्यांना रडूच आलं, पण बाळ खांद्यावर असलं की तोंड लपवायला बरं पडतं.

दुसरीकडे खोलीत एक गोष्ट अशी घडत होती, की जी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. बाई चेहरे बघत होत्या, तशी ती तिघंही बाईंचा चेहरा बघत होती. ती तर कायमच बघत आली होती. आणि आजारातून उठल्यापासून बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यासारखी आठी पडत नव्हती.

त्यामुळे पुढचा घाणा आला, तेव्हा असं झालं. काकांना पट्टी खवट लागली. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई निवांत. काकांनी भुवई आवरली. भांडाऱ्याने मिशी सोडली. नवीने रोखलेला श्वास हळूच सोडून दिला. बाईंनी फटीतून पाहिलं तर तिन्ही चेहरे शांत.

"चालेल," बाई म्हणाल्या.

घाणा खाली गेला, वड्या पडल्या, आणि पॅकिंगच्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. हा हा म्हणता बोभाटा झाला. कारखान्याचे साहेब एक वडी हातात घेऊन तरातरा वर आले आणि त्यांनी ती टेबलावर आपटली.

"लिंबाचा साबण म्हणे! याने हात धुतले तर पुन्हा हात धुवावे लागतील." ते काकांकडे वळले. "पिंपाचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, तेल खवट झालं होतं. ओतताना नाक कुठे होतं तुमचं? उद्यापासून कढईवर दुसरा माणूस येईल. तुम्ही गोदामात जा."

काकांचा चेहरा उतरला. कढईशिवाय काका म्हणजे कोण, हे त्या चौघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

"आणि बाई, तुम्ही हा पास कसा केला?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "त्यांची चूक नाही, साहेब. माझ्याच हातून पट्टी बदलली असणार. आधीच्या घाण्याची गेली असेल त्यांच्या हातात. बाईंच्या नाकातून असलं काही सुटणार आहे का?"

काका धडधडीत खोटं बोलत होते आणि त्यांची डावी भुवई वर गेली होती. बाईंनी ती भुवई पाहिली. आता गप्प बसणं सोपं होतं. काका गोदामात जातील, आपण खोलीत राहू, उद्या पुन्हा पट्टी नाकाशी धरू.

"पट्टी बरोबर होती," त्या म्हणाल्या. "मलाच वास येत नाही."

"म्हणजे? सर्दी झालीय?"

"सर्दी केव्हाच गेली. वास येतच नाही. कशाचाच. ताप येऊन गेला तेव्हापासून."

नवी एकदम म्हणाली, "पण मला आला होता."

"काय?"

"खवट. पट्टी हातात घेतल्या घेतल्या आला."

"मग बोलली का नाहीस, अगं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही शांत होतात ना. मला वाटलं, खवटाच्या मागे आणखी काहीतरी चांगलं असेल, ते मला कळत नसेल."

"मलाही आला होता," भांडारी जमिनीकडे बघत म्हणाला.

"आणि मला तर कढईवरच शंका आली होती," काका म्हणाले. "म्हटलं, वर बाई आहेत."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे सगळ्यांना कळलं होतं, आणि ज्यांना कळलं नाही त्यांना विचारून तुम्ही साबण पास केलात?"

बाईंना शरम वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती. पण तिच्यापेक्षा कुतूहल मोठं निघालं. "तुम्ही माझ्याकडे बघत होता?" त्यांनी तिघांना विचारलं. "अहो, मी तुमच्याकडे बघत होते!" आणि त्यांना हसू फुटलं. आधी नवी हसली, मग भांडारी. काकांनी साहेबांकडे चोरून पाहिलं आणि तेही हसले.

साहेब हसले नाहीत. "पुढचा घाणा निघू दे," ते म्हणाले. "मग तुम्हा दोघांचं काय ते ठरवतो."

पुढच्या घाण्याला बाईंनी पट्टी घेतलीच नाही. हात टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आज मी शेवटी. नवे, तू सांग, काय येतंय?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे काय? मला काही येत नाहीये, असं समज. समज कशाला, नाहीच येत. सांग मला."

नवी गांगरली. तिला आजवर कोणी हे विचारलंच नव्हतं. "लिंबू आहे. सालीचं, रसाचं नाही. आणि मागे काहीतरी... नव्या बुटाचं खोकं उघडल्यासारखं."

"बुटाचं कसलं?" भांडारी म्हणाला. "मला आमच्या आत्याचं कपाट आठवलं."

"आत्याच्या कपाटात काय असायचं?"

"लोकरीचे कपडे. आणि त्या पांढऱ्या गोळ्या, डांबराच्या. आम्ही लपायला जायचो तिथे, तर डोकं दुखायचं."

"डोकं दुखायचं," बाई पुटपुटल्या. "काका?"

काकांनी पट्टी दोनदा हुंगली. "घराला रंग लावला की दुसऱ्या दिवशी येतो तसा. पण अगदी पुसट."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. नाकात काही नव्हतं, पण डोक्यात एकेक वास जागा होऊ लागला होता. "तिघंही एकच सांगताय. लिंबाच्या अर्काला हवा लागलीय. तो रंगातल्या टर्पेंटाइनच्या वाटेने निघालाय. पुन्हा."

"मला नाही पटत, बाई," काका म्हणाले.

आधीचे प्रमुख खोटं बोलत नव्हते. कारण सांगितलं आणि वाद सुरू झाला. बाईंचा पारा चढला, "पटत नाही म्हणजे?" हे ओठांवर आलं, ते त्यांनी कसंबसं गिळलं. "का नाही पटत?"

"अर्क परवाच आलाय. बाटली नवी आहे."

"नवी कुठली? जुन्या अर्धवट बाटल्या एकत्र करून भरली मीच," भांडारी म्हणाला आणि मिशी चावायला लागला. सीलबंद बाटली आणून उघडली. काकांनी एक हुंगली, दुसरी हुंगली आणि मान डोलावली. बाईंनी दोन्ही बाटल्या नाकाशी नेल्या, सवयीने. दोन्हींत काही नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. काकांची कढई वाचली. बाईंचं प्रमुखपद मात्र वाचलं नाही. "तुम्ही खोलीत राहा," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. "तुम्ही विचारता तेव्हाच ही माणसं बोलतात, ते कळलं मला. पण घाणा पास केल्याची सही यापुढे काकांची. वास न येणारा प्रमुख मी मालकांना काय म्हणून सांगू?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं. जिना उतरताना पायऱ्या दिसेनात इतकं वाटलं.

खिडकीजवळची खुर्ची प्रमुखाची. काका तिच्यावर बसायला तयार होईनात. "मला कढईपाशी उभं राहायची सवय आहे," म्हणत. बाई बसेनात, कारण ती आता त्यांची नव्हती. ती चांगली दणकट खुर्ची मधे रिकामी, आणि चौघंही उभी. शेवटी नवीने तिच्यावर आपली पर्स ठेवली आणि प्रश्न मिटला. पट्ट्या वाटून झाल्या की काका अजूनही सवयीने बाईंकडे बघतात, आणि बाई म्हणतात, "मी शेवटी."

ज्या दिवशी सही गेली, त्या संध्याकाळी त्यांनी घरी लेकीला सगळं सांगितलं. लेक आधी रागावली. "एवढे दिवस लपवलंस? माझ्यापासून?" मग ती आईशेजारी येऊन बसली. बाळ बाईंच्या खांद्यावर झोपलं होतं.

"हिच्या डोक्याचा वास कसा येतो गं?" बाईंनी विचारलं.

"येतो तसाच. बाळाचा."

"असं नाही. नीट सांग."

लेकीने वाकून बाळाच्या टाळूला नाक लावलं. "कोमट आहे. दुधाचा नाही म्हणता येणार, दूध काढून घेतलेल्या पातेल्याचा. उन्हातून आणलेल्या चादरीचा, थोडा." ती थांबली. "आणि थोडा तुझा. सारखी घेऊन बसतेस ना."

"माझा कसा असतो?"

"थांब," लेक म्हणाली. तिने बाळाला धक्का लागणार नाही अशा बेताने आईच्या दुसऱ्या खांद्यावर नाक टेकलं आणि डोळे मिटले.

बाई हलल्या नाहीत. लेक बोलेपर्यंत त्या काही बोलणार नव्हत्या.