प्रोजेक्टरखालची खुर्ची

माझं डोकं लवकर तापतं, हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच त्या दिवशी गाडीतून सामान उतरवताना स्वतःला बजावलं होतं, आज तोंड आवरायचं. कार्यक्रम काकांच्या निवृत्तीचा होता, आणि काका म्हणजे ज्याच्याशी मला लग्न करायचंय त्याचे वडील. त्यांचा होकार कधीच मिळाला होता. घोडं अडलं होतं काकूंपाशी. "मुलगी खांबांवर चढून यंत्रं टांगते? बघू तरी कशी टांगते," म्हणत त्यांनीच मला अंगणात जुने फोटो दाखवायला बोलावलं होतं.

बघू म्हणजे काय, पाठच सोडेनात! मी दोन स्टँडवर आडवा पाइप चढवला, स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

"एवढी वाळू कशाला?"

क्लॅम्प आवळून प्रोजेक्टर टांगला, वरून पोलादी तार ओवली.

"घट्ट बसवलंयस ना? मग ही तार कशाला?"

"क्लॅम्प सुटलाच तर तार धरेल, काकू."

"म्हणजे सुटू शकतो!"

मी दातओठ खाल्ले, पण आतल्या आत. त्यांचे चिरंजीव केबल आणायच्या निमित्ताने केव्हाच पसार झाले होते.

पाहुणे जमले. मी दिवे घालवणार, तोच काकूंनी खुर्ची उचलली आणि बरोब्बर प्रोजेक्टरखाली मांडून ऐसपैस बसल्या.

"काकू, तिथे नको. जरा बाजूला बसा."

"का गं? पडणारेय का?"

सगळे नातेवाईक वळून बघायला लागले. झाली का पंचाईत! आमच्या कामात टांगलेल्या वस्तूखाली कुणालाच बसू देत नाहीत, ती कितीही पक्की असो. पण हे त्यांना कोण पटवणार? हसून बसू दिलं असतं, तर सून म्हणून तिथेच पास झाले असते.

"नाही पडणार," मी म्हटलं. "तरी उठा."

"स्वतःच्या कामाची खात्री नाही?"

बस्स, सटकलीच माझी. "खात्री आहे हो! पण ती तुमच्या डोक्यावर करून बघायची नाहीये मला! माझी आई असती तरी उठवलं असतं. तुम्ही उठेपर्यंत मी बटण दाबणार नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि खुर्ची उचलून निघून गेल्या. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. दिवे घालवून फोटो सुरू केले.

थोड्या वेळाने अंधारात माझ्या शेजारी खुर्ची सरकली. काकू. पडद्यावर त्यांचा मुलगा, सहा-सात वर्षांचा, झाडाच्या फांदीला लोंबकळत होता.

"त्या दिवशी खाली उतर म्हणून किती ओरडले याला," त्या हळूच म्हणाल्या. "उतरला नाही. पडला, हात मोडून घेतला."

मी फोटो बदलला.

"अजून तस्साच आहे गं. माझा घसा बसला आता. यापुढे तू ओरडायचंस."

पुढचे चार-पाच फोटो मला काही धड दिसले नाहीत.