सैतानाला थंडी वाजते

"घाबरलेलं पोर रडतं, म्हणून कळतं तरी. जीव जडलेलं पोर गप्प असतं. त्याच्यावर डोळा ठेव," भिंतीकडे आणि मग नातीकडे बघत तिची आई म्हणाली होती. "आई, तुझं आपलं काहीतरीच!" म्हणत तिने ते उडवून लावलं.

भिंतीवर सैतान होता. नवरा लोकांची घरं सजवून द्यायचा आणि सध्या त्याच्या डोक्यात जुन्या युरोपातल्या गॉथिक थाटाचं खूळ शिरलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली जुनीपुराणी चित्रं, त्यांना मणामणाच्या काळ्या चौकटी. पहिला मान स्वतःच्या दिवाणखान्याला. तिथल्या चित्रात एका टोकदार कमानीवर उकिडवे बसले होते शिंगं-पंखवाले, उघडेबंब महाराज.

"पोरगी झोपेतून दचकून उठेल रे!"

"अगं, नुसती पांढरी भिंत दवाखान्यासारखी दिसते. जरा धाक हवा."

"कुणाला? भिंतीला की मला?"

तीन वर्षांची लेक, घरातली खारूताई, दचकली तर नाहीच, उलट चित्रापुढे फतकल मारून बसू लागली. खारूताईच्या आईच्या जिवाला मात्र घोर. पोरीच्या नजरेसमोर नको म्हणून तिने चित्र हातभर वर टांगायला लावलं. खारूताईने स्टूल ओढलं. मग चित्र गेलं थेट पुस्तकांच्या कपाटाच्या वर.

"आता छताला चिकटवू का?" नवरा करवादला.

"चिकटव. नाहीतर विकून टाक!"

एका दुपारी तो आणखी एक चौकट घेऊन दारात उभा. यात सैतानांचं अख्खं खानदान.

"एक होता तो कमी पडला का तुला?"

"अगं, जोडीने छान दिसतात."

"जोडीने काय छान दिसतं ते मी रोज बघतेय!"

बोलता बोलता ती थबकली. आतून बडबड नाही, खुडबुड नाही. आईचे शब्द काळजात टोचले.

ती धावली. कपाटाच्या पार वर खारूताई, एक पाय हवेत. आपला लोकरी मफलर ती चौकटीला गुंडाळत होती. कपाट डुगडुगत होतं.

"सांभाळून! चौकट जुनी आहे!" मागून नवरा ओरडला.

तिने खांद्याने कपाट रेटून धरलं, पोरीला ओढून कवेत घेतलं आणि मग वळून नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा भिंतीवरचा बरा.

"त्याला कपडेच नाहीत," लेक मुसमुसली. "त्याला थंडी वाजते."

भीती नको म्हणून चित्र वर वर नेलं, आणि त्यामागून पोर वर वर गेली. आईला हात जोडावेत की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, तिला कळेना.

आता कपाट भिंतीला जखडलंय. सैतान पोरीच्या उंचीवर आलाय, पक्क्या स्क्रूंनी बसवलेला, मफलरासकट. "सगळी शोभा गेली," नवरा कुरकुरतो. "जाऊ दे," ती म्हणते.

आणि तुम्ही, वाचणारे? शेजारच्या खोलीतलं पोर बराच वेळ गप्प आहे ना? गोष्ट कुठे पळून जात नाही. उठा, आधी बघून या.