ओळंब्याच्या गळ्यातलं पदक

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. ओळखलंत ना? दोरीला लटकून भिंत सरळ की वाकडी ते सांगणारा पितळेचा गोळा! वसईच्या बाजारात एका तांबटाने मला ओतलं आणि प्लासिड गवंड्याने बघताक्षणी उचललं. तेव्हा मी असा चकाकत होतो, की विचारू नका!

प्लासिडने माझ्या साथीने पुष्कळ घरं उभी केली, पण सगळी दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली. घाम ह्याचा, नाव त्याचं! मग १९५३ साली गावच्या शाळेच्या नव्या खोल्या बांधायचं ठरलं. ते काम आपल्या हातून व्हावं, ही प्लासिडची फार इच्छा. पण त्याला ठेकेदारीचा परवाना हवा, आणि परवान्याआधी कचेरीतले साहेब त्याचं स्वतंत्र काम तपासणार. म्हणून त्याने घरामागे एक खोली बांधली. जरा भिंत चढली की मला सोडून बघायचा. त्याची बायको रेजिना चिडवायची, "माज्याकडं तरी एवढं बगता का वो कदी?"

पण साहेब यायच्या दिवशी तिलाच धीर धरवेना. प्लासिड आंघोळीला गेला, तशी तिने गळ्यातलं मरियामातेचं पदक काढलं, काळ्या दोऱ्याने माझ्या गळ्यात बांधलं आणि मला कपाळाला लावलं. अहो, मला वाचा असती तर ओरडलो असतो, "बाई गं, माझ्या अंगाला काही बांधू नकोस!"

साहेब आले. सगळी आळी कुंपणाशी जमली. प्लासिडने शिडीवर चढून माझी दोरी भिंतीच्या माथ्यावरच्या खिळ्याला अडकवली आणि मला घाईघाईने खाली सोडलं. मी भिंतीला अलगद टेकायला हवं होतं, पण पदक नेमकं मध्ये आलं आणि मी भिंतीपासून लांबच राहिलो. खाली चुन्याचा चिखल होता, म्हणून साहेब दुरूनच बघत होते.

"भिंत सरळ नाही," ते म्हणाले.

प्लासिड धावत खाली उतरला, वाकला. पदक दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. दारात रेजिना हात जोडून उभी होती. खरं सांगितलं तर सगळ्या आळीत तिचं हसं होईल! त्याने पदक मुठीत झाकलं.

"पाडून परत बांदतो, सायब."

शाळेचं काम हातचं चाललं होतं, तरी ह्याने मूठ उघडली नाही. मला भरून आलं हो!

रेजिनाने ती मूठ पाहिली आणि धावतच आली. "थांबा सायब! भित सरळ हाय. पदक मी बांदलंय, ह्यांना ठाव नाय." त्याची मूठ उघडून तिने गाठ सोडली. मी एक झोका घेतला आणि भिंतीला टेकलो. आधी साहेब हसले, मग आळी हसली, शेवटी डोळे पुसत रेजिनाही हसली.

परवाना मिळाला. प्लासिडने ते पदक स्वतःच्या गळ्यात घातलं. "ओळंब्याला नाय चालत, मला चालतं," म्हणाला. शाळा बांधताना ते त्याच्या सदऱ्यातून डोकावायचं.

आता प्लासिड नाही. तो गेला त्या दिवशी रेजिनाने ते पदक काढून पुन्हा माझ्या गळ्यात बांधलं. त्याच खोलीत मी खिळ्याला टांगलेला आहे, कळकट आणि विसरलेला.

मित्रांनो, कधी आलात तर मला चिंचेने घासा, माझी कुजलेली दोरी बदला. पदक तेवढं राहू द्या. आता मला कुठली भिंत तपासायची नाही.