टावेलाखाली कोण झोपलंय?

चार वर्षांच्या मनवाचा आवाज असा, की तिनं दारात मांजराला हाक मारली तर गल्लीच्या टोकाचं कुत्रं कान टवकारायचं. पण हा झाला उंबऱ्याबाहेरचा आवाज. आत पाऊल टाकलं की पोर कुजबुजायला लागायची. तिचा बाप रविराज नागापूरला कारखान्यात कामाला. पाळी बहुतेक रात्रीची, त्यामुळं दिवसभर घरात झोपलेला. ‘हळू, बाबा झोपलेत’ हे तिनं पाळण्यातच पाठ केलं होतं म्हणा ना. आता बाप टक्क जागा असला, शेजारी जेवायला बसलेला असला, तरी ती त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणायची, “बाबा, भाजी.”

शेजारीपाजारी म्हणायचे, पोर किती गुणाची! रविराजला त्या गुणाचा रागच यायचा. लेक दारात आईशी कडाकडा भांडते, अंगणात जाऊन आजोबांशी फोनवर किंचाळते आणि आपल्याशी मात्र दवाखान्यात बोलल्यासारखी बोलते. एकदा तरी तिनं आपल्यावर मनसोक्त ओरडावं, एवढीच त्याची इच्छा. पण असली इच्छा सांगायची तरी कुणाला?

म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यानं बेत काढला: घोडेगावचा जनावरांचा बाजार. तिथं हळू बोलून कुणाचं काही चालत नाही, तेव्हा पोरीचाही गळा मोकळा होईल, असा त्याचा हिशोब. गावाकडून त्याचे वडील, कारभारी आबा, गाय घ्यायला तिथं येणारच होते.

“लोक लेकरांना बागेत नेतात,” बायको, रुपाली, म्हणाली. “तुम्ही म्हशींत न्या.” पण बोलता बोलता तिनं दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, मनवाला नवा फ्रॉक घातला आणि मोटारसायकलवर मागं बसलीही.

बाजार ऐन भरात होता. गायी हंबरत होत्या, टेम्पोवाले हॉर्नवरचा हात काढत नव्हते, भेळवाला सगळ्यांच्या वर ओरडत होता. मनवा बापाच्या खांद्यावर बसून डोळे फाडून बघत होती. मग वाकून ती त्याच्या कानात म्हणाली, “बाबा, केवढी म्हैस.”

“मोठ्यानं सांग की. इथं कुणी झोपलेलं नाही.”

तिनं इकडंतिकडं बघितलं. पण खात्री काही पटली नाही.

आबा एका लिंबाच्या सावलीत बिभीषण नावाच्या व्यापाऱ्यासमोर उभे होते. दोघांचे हात एका टावेलाखाली. बाजाराची ही जुनी रीत: भाव तोंडानं बोलायचा नाही, टावेलाखाली एकमेकांची बोटं धरून सांगायचा, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. आबा आभाळाकडं बघत होते, बिभीषण गायीकडं, आणि भोवतीची माणसं गुपचूप टावेलाकडं.

मनवा सरसर खाली उतरली. ओठांवर बोट ठेवून तिनं भेळवाल्याला “श्श” केलं. मग शेजारी हंबरणाऱ्या कालवडीसमोर उभी राहून तिलाही “श्श” केलं. कालवडीनं काही ऐकलं नाही. माणसं हसायला लागली.

“काय गं, काय झालं?” रविराजनं विचारलं.

“टावेलाखाली कुणीतरी झोपलंय,” ती कुजबुजली.

रुपालीला हसू आवरेना. रविराजही आधी हसला. पांघरूण दिसलं की त्याखाली कुणीतरी झोपलेलं असतं आणि आपण गप्प बसायचं असतं, एवढंच लेक आपल्याकडून शिकली, याचं त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात सौदा पटला. आबांनी टावेल झटकून नातीला दाखवला. “बघ बाय, कोन न्हाई झोपलं. हात बोलत हुते आमचे. ये, तू बी कर सौदा. बापासंगं कर. काय पायजे ते माग.”

टावेल बापलेकीच्या हातांवर आला. मनवानं बराच विचार केला. मग बापाचं एक बोट घट्ट धरून ती त्याच्या कानाशी लागली. “बाबा, तुम्ही झोपल्यावर एकदा उठवू?”

भेळ मागेल, फुगा मागेल असं रविराजला वाटलं होतं. त्यानं तिच्या मुठीत दुसरं बोट सरकवलं. मग तिसरं. मूठ पुरेना तेव्हा अख्खा पंजाच देऊन टाकला.

आबांनी टावेलाचं टोक उचलून बघितलं. “आरं येड्या, भाव पाडायचा असतो. मागितल्यापरीस जास्त देनारा पयल्यांदाच बघतोय.”

“असू द्या आबा,” रविराज म्हणाला. “माल तसा हाय.”

“मग पटला का सौदा?” बिभीषणनं मनवाला विचारलं. “आमच्यात पटला की वरडून सांगावं लागतंय.”

असली काही रीत बाजारात नव्हती, पण बिभीषण दोन नातींचा आजोबा होता. मनवानं बापाकडं बघितलं. बाप जागा होता. तिनं छाती भरून श्वास घेतला.

“पटलाऽऽऽ!”

कालवड दाव्याला हिसका देऊन उडाली. भेळवाल्याच्या हातातला कागद खाली पडला. आणि रविराज असा हसला, की हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

परतीच्या रस्त्यावर प्रत्येक उसाच्या ट्रॅक्टरला मनवा ओरडत होती, “बाबा, ट्रॅक्टर! बाबा, अजून एक ट्रॅक्टर!” मागं बसलेल्या रुपालीनं आपल्या कानांवर हात ठेवले. “घ्या,” ती म्हणाली. “हौस होती ना?”

दोन दिवसांनी रविराज रात्रपाळी करून आला आणि गोधडीत शिरला. नुकता कुठं डोळा लागला, तोच गोधडीखाली एक चिमुकला हात आला आणि त्यानं त्याचं एक बोट पकडलं.

“बाबाऽऽ, उठा!”

रुपाली स्वयंपाकघरातून धावत आली. “अगं हळू, बाबा झोपलेत ना.”

“राहू दे,” रविराज म्हणाला. “सौदा झालाय आमचा.” मग डोळे तसेच मिटून, लेकीचा हात धरून तो म्हणाला, “मने, ऐकू नाही आलं गं. परत सांग.”