नाण्यांची पिशवी

वारादेरोच्या हॉटेलात मी खोल्या झाडते. कॅनडाचे पाहुणे उशीवर बक्षिसी ठेवतात, तीही त्यांच्या देशातल्या नाण्यांत. क्यूबात ती नाणी बँकसुद्धा घेत नाही, नोटच लागते. म्हणून घरी परत निघालेला पाहुणा गाठायचा, त्याला नाणी द्यायची आणि नोट मागायची.

आज विमानतळाच्या बसपाशी एक म्हातारा सापडला. मी चाळीस डॉलरच्या नाण्यांची पिशवी त्याच्यापुढे उघडली आणि नोटेची खूण केली. त्यानं आत डोकावलं, खिसे चाचपले, स्वतःकडची उरलेली तीन नाणीही पिशवीत टाकली आणि माझा खांदा थोपटून बसमध्ये चढला.

"मिळाली का गं नोट?" माझ्या जोडीला काम करणाऱ्या यामिलेनं विचारलं.

"भीक मिळाली. आधीचीच नाणी खपत नव्हती, त्यात मेल्यानं भर घातली."